स्वतः बुडून ओझे उचलणारी जहाजे

समजा तुमच्याकडे एक काम आले आहे. पोलादाची एक प्रचंड वस्तू दक्षिण कोरियातून अमेरिकेला न्यायची आहे. तिची लांबी-रुंदी फुटबॉलच्या मैदानाहून जास्त आहे, तिला चार जाडजूड खांब आहेत आणि तिचे वजन आहे सुमारे ६०,००० टन. मालगाडीचा एक भरलेला डबा ८५ टनांचा धरला, तर अशा सातशे डब्यांचे वजन एकाच तुकड्यात! हा तुकडा जहाजावर चढवायचा कसा?

पहिल्यांदा आठवते ती क्रेन. अवजड माल नेणाऱ्या कित्येक जहाजांवर स्वतःच्याच क्रेन असतात. त्यांतल्या मोठ्या जहाजांच्या दोन क्रेन मिळून ३,००० टनांपर्यंत वजन उचलतात. रेल्वेची इंजिने, कारखान्यांचे बॉयलर, विजेचे रोहित्र असा माल त्यांच्यावरून जातो. २०१९ साली कामाला लागलेल्या 'स्लाइप्निर' या तरंगत्या क्रेन-जहाजावर तर प्रत्येकी १०,००० टन उचलणाऱ्या दोन क्रेन आहेत. पण दोन्ही मिळूनसुद्धा आपल्या ओझ्याचा तिसरा हिस्साच उचलला जाईल. तेव्हा क्रेनचा नाद सोडलेला बरा.

आता स्वयंपाकघरात या. आई कढईतली पुरी कशी काढते? ती पुरीला वरून धरून ओढत नाही. पुरी तेलावर तरंगत असते. तिच्याखाली झारा सरकवायचा आणि झारा वर आणायचा. आपली ६०,००० टनांची वस्तूही पाण्यावर तरंगते, कारण ती समुद्रात तरंगण्यासाठीच बांधलेली आहे. म्हणजे तिचे वजन पाण्याने आधीच तोललेले आहे. आपल्याला हवा आहे तो फक्त पुरेसा मोठा झारा.

हा झारा म्हणजे अर्धबुडीचे जहाज. २००४ साली हे काम खरोखर झाले. 'थंडर हॉर्स' नावाचा तेलविहिरींचा तरंगता फलाट कोरियातील ओक्पो येथे 'ब्लू मार्लिन' या जहाजाने पाठीवर घेतला आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून अमेरिकेच्या टेक्सास राज्यात नेऊन उतरवला. प्रवासाला दोन महिने लागले. फलाट जहाजाच्या दोन्ही बाजूंनी बराच बाहेर आलेला होता. छायाचित्रात पाहिले तर एखाद्या माणसाने डोक्यावर पलंग घेतल्यासारखे दिसते.

तुम्ही विचाराल, वस्तू तरंगतेच आहे तर तिला दोर बांधून ओढत का नेत नाहीत? नेतातही. पण असे ओढकाम फार संथ, बहुधा माणसाच्या भरभर चालण्याच्या वेगाने होते. भर समुद्रात वादळ गाठते, दोर तुटतो, आणि मग एवढे मोठे धूड मोकाट सुटते. पाठीवर घेतलेले ओझे दुपटी-तिपटीच्या वेगाने जाते आणि हातचे सुटत नाही.

अशा जहाजाची ठेवण मोठी चमत्कारिक असते. पुढच्या टोकाला खलाशांच्या राहण्याची आणि जहाज हाकण्याची उंच इमारत. तिच्यामागे सारा सपाट, मोकळा डेक. त्याला कठडासुद्धा नसतो. अगदी मागच्या बाजूला, डाव्या-उजव्या कडांवर दोन मनोरे उभे असतात. हे मनोरे लक्षात ठेवा, पुढे त्यांच्याशी गाठ आहे. डेकखाली जहाजाच्या पोटात अनेक टाक्या असतात. त्यांत समुद्राचे पाणी घेता येते आणि बाहेरही टाकता येते. या पाण्याला बॅलास्ट म्हणतात. रिकाम्या गलबताच्या तळाशी दगड किंवा वाळू भरण्याची रीत जुनीच आहे. इथे दगडांऐवजी पाणी.

ओझे चढवायच्या दिवशी जहाज निवाऱ्याच्या पण खोल पाण्यात नांगरतात. टाक्यांत पाणी घेतले की जहाज हळूहळू खाली जाते. डेक पाण्याखाली जातो, आणखी खाली जातो, आणि शेवटी पुढची इमारत व मागचे दोन मनोरे एवढेच वर दिसतात. अनोळखी माणसाला वाटावे, जहाज बुडते आहे. मोठे जहाज असे बसले की त्याचा तळ पृष्ठभागापासून ३० मीटर खाली असतो. आपल्या बहुतेक बंदरांच्या जलमार्गांत एवढी खोलीच नसते. मग छोट्या टगबोटी ओझ्याला ओढत डेकच्या बरोबर वर आणतात. जागा जुळली की टाक्यांतले पाणी बाहेर टाकायला सुरुवात होते. जहाज वर येते, ओझ्याच्या तळाला लागते आणि त्याला घेऊन पाण्याबाहेर येते.

किती पाणी बाहेर टाकावे लागत असेल? आर्किमिडीजचे तत्त्व तुम्हाला ठाऊक आहे. 'ब्लू मार्लिन' साधारण २२० मीटर लांब आणि ६३ मीटर रुंद आहे. ते सपाट खोक्यासारखे आहे असे ढोबळ मानले, तर त्याला १ मीटर वर आणण्यासाठी २२० × ६३ × १, म्हणजे १३,८६० घनमीटर पाणी बाहेर पडले पाहिजे. समुद्राच्या पाण्याचा घनमीटर सुमारे १.०२५ टन भरतो, तेव्हा हे झाले १४,००० टनांहून अधिक. दहा-बारा मीटर वर यायचे तर हिशेब तुम्हीच करा. काम तासन् तास चालते ते यामुळे.

इथपर्यंतची गोष्ट सोपी आहे. तरंगणे आर्किमिडीजने सांभाळले. पण तरंगणे वेगळे आणि सरळ उभे राहून तरंगणे वेगळे. या जहाजांच्या शास्त्रातला खरा कठीण भाग हा दुसरा आहे.

जहाज उजवीकडे थोडे कलले अशी कल्पना करा. उजव्या कडेला जहाजाचा पाचरीच्या आकाराचा एक भाग नव्याने पाण्यात गेला, आणि डावीकडे तेवढीच पाचर पाण्याबाहेर आली. साहजिकच पाण्याचा वर ढकलणारा जोर उजवीकडे वाढला, डावीकडे कमी झाला. हा जोर जहाजाला पुन्हा सरळ करतो. जहाज रुंद असेल तर पाचर लांब होते, कडेला तिची जाडी वाढते, आणि शिवाय ती मध्यापासून दूर असल्याने तिची तरफही लांब होते. या तिन्ही गोष्टी रुंदीबरोबर वाढतात. म्हणून सरळ करणारा परिणाम रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो. 'ब्लू मार्लिन' मूळचे ४२ मीटर रुंद होते. 'थंडर हॉर्स' नेण्यापूर्वी ते मुद्दाम ६३ मीटर रुंद करून घेतले. रुंदी दीडपट झाली. दीडचा घन ३.३७५. पाण्याच्या पातळीवरच्या त्याच्या आकारातून मिळणारा हा आधार एका फटक्यात सव्वातीनपटीहून अधिक झाला.

पण हा सगळा हिशेब पाण्याच्या पातळीवर जहाजाचा जो छेद असतो त्याचा आहे. पाण्याखाली काय आहे याने पाचरी बनत नाहीत. मग डेक पूर्ण पाण्याखाली गेला तर? जहाज कलले तरी डेकची कडा आधीच बुडालेली आहे. नवे काही बुडत नाही, जुने काही बाहेर येत नाही. पाचरी संपल्या!

एका काल्पनिक जहाजावर हे आकड्यांत पाहू. लांबी २०० मीटर, रुंदी ४० मीटर. आधाराचे माप म्हणून लांबी गुणिले रुंदीचा घन भागिले १२ असे सूत्र वापरतात. उत्तर येते सुमारे १०,६७,००० (एकक मीटरचा चौथा घात). आता डेक बुडवा. पुढची इमारत २० मीटर लांब आणि पूर्ण ४० मीटर रुंद आहे असे धरा. तिचे माप सुमारे १,०७,०००. मागचे मनोरे प्रत्येकी ८ मीटर लांब-रुंद, आणि त्यांचे मध्य जहाजाच्या मध्यरेषेपासून १६ मीटर दूर. त्या दोघांचे मिळून सुमारे ३३,०००. एकूण १,४०,०००. म्हणजे डेक पाण्याच्या वर असताना जो आधार होता, त्याचा जेमतेम आठवा हिस्सा उरला. आणि हा बदल सावकाश होत नाही. डेक सपाटच बुडवला तर शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये होतो.

मनोऱ्यांचे महत्त्व आता कळले असेल. त्यांचे क्षेत्रफळ पुढच्या इमारतीच्या सहाव्या हिश्शापेक्षाही कमी आहे, पण ते अगदी कडेला असल्याने आधारात त्यांचा वाटा चौथ्या हिश्शाच्या आसपास जातो. शिवाय ते नसते तर जहाजाच्या मागच्या भागाला पाण्याच्या पातळीवर काहीच उरले नसते, आणि बुडालेली पिछाडी एकदा खाली जाऊ लागली की तिला थोपवणार कोण? बऱ्याच लोकांना हे मनोरे म्हणजे यंत्रांच्या खोल्या वाटतात. खरे तर जहाज बुडालेल्या अवस्थेत ते त्याचे पायच असतात.

म्हणून डेक पाण्याखाली नेताना व बाहेर काढताना जहाज पुढेमागे थोडे कलते ठेवतात, म्हणजे डेक एका टोकाकडून क्रमाक्रमाने पाण्यात जातो. दुसरा नाजूक क्षण ओझे चढवताना येतो. ओझे पाण्यात असते तोवर त्याचा स्वतःचा छेदही पाचरी पुरवतो. ते पाण्याबाहेर निघाले की ही मदत थांबते. आणि तेव्हा डेक अजून पाण्याखालीच असेल, तर सगळ्या वजनाची मदार पुन्हा त्या इमारतीवर आणि मनोऱ्यांवर येते.

भरीला टाक्यांतले पाणी. अर्धी भरलेली परात घेऊन स्वयंपाकघरातून अंगणात चालत जा. परात जरा कलली की सारे पाणी त्याच बाजूला धावते आणि परात आणखी कलते. तेच पाणी दहा पेल्यांत ओतून पेले परातीत ठेवा; आता ते निमूटपणे येईल. जहाजाच्या पोटात एकच मोठी टाकी न करता पुष्कळ लहान टाक्या करतात त्या याचसाठी. त्यातही एका वेळी थोड्याच टाक्या अर्धवट ठेवायच्या, बाकीच्या पूर्ण भरलेल्या किंवा पूर्ण रिकाम्या, असा दंडक असतो. टाक्यांना जोडणाऱ्या नळ्या व झडपा किती महत्त्वाच्या, हे स्वतः 'थंडर हॉर्स'नेच पुढे दाखवले. जुलै २००५ मध्ये 'डेनिस' चक्रीवादळासाठी त्यावरची माणसे हलवली होती. परत येऊन पाहतात तो फलाट एका बाजूला वीस अंशांच्या आसपास कललेला! बॅलास्टच्या नळ्यांच्या जोडणीत चूक राहून गेल्यामुळे पाणी एका टाकीतून दुसरीत वाहिले होते. वादळाने तो थेट पाडला नव्हता. नंतर तो सरळ करून घेण्यात आला.

हे तुम्हाला घरी करून पाहता येईल. घट्ट झाकणाचा एक चपटा, चौकोनी स्टीलचा डबा घ्या. त्यात थोडे थोडे पाणी घालत, झाकण लावून, तो बादलीत तरंगत ठेवा. झाकण पाण्याच्या पातळीला येऊ लागले की डबा एका कोपऱ्यावर वाकडा होतो. आतली हवा वरच्या कोपऱ्यात पळते आणि डबा सरळ राहायला तयार होत नाही. आता झाकणाच्या चारही कोपऱ्यांवर थर्मोकोलचे बोटभर उंचीचे तुकडे चिकटपट्टीने लावा आणि आत आणखी थोडे पाणी घाला. झाकण बुडेल, तुकडे वर राहतील, आणि डबा बराच शहाण्यासारखा वागेल. मग एका बाजूचे दोन तुकडे काढून पाहा.

हा धोका वहीतला नाही. ६ डिसेंबर २००६ रोजी अंगोला देशातील लुआंडाजवळ 'मायटी सर्व्हंट ३' हे जहाज 'अल्युशियन की' नावाचा तेलविहीर खोदण्याचा फलाट उतरवत होते. म्हणजे जहाज बुडवलेल्या स्थितीत होते. ते तसेच खाली गेले आणि सुमारे ६० मीटर खोल तळाशी जाऊन बसले. फलाट तरंगत राहिला, जीवितहानी झाली नाही. पुढच्या वर्षी जहाज तळातून वर काढले आणि दुरुस्त करून पुन्हा कामाला लावले. शांत पाणी, नेहमीचे काम, आणि जे जहाज आयुष्यभर बुडून वर येत होते ते एकदा वर आले नाही.

ओझे नेमके कुठे टेकवायचे, हेही नाजूक काम आहे. १२ ऑक्टोबर २००० रोजी येमेनमधील एडन बंदरात अमेरिकी युद्धनौका 'कोल'वर स्फोटकांनी भरलेली बोट आदळवण्यात आली. १७ नौसैनिक मारले गेले आणि नौकेच्या कुशीला भलेमोठे भगदाड पडले. स्वतःच्या बळावर महासागर ओलांडणे तिला शक्य नव्हते. तिला 'ब्लू मार्लिन'ने उचलले आणि डिसेंबरमध्ये मिसिसिपी राज्यातील पास्कागुला येथे पोहोचवले. युद्धनौकेचा तळ फलाटासारखा सपाट नसतो. तिच्या पुढच्या भागाखाली सोनार यंत्राचा फुगवटा असतो, मागे पंखे असतात. त्यांना धक्का न लागता वजन मजबूत फासळ्यांवरच पडावे, यासाठी डेकवर आधीपासून लाकडी ठोकळे व आधार नेमक्या जागी मांडून ठेवावे लागतात. लाकूडच का? ते थोडे दबते, उंचसखलपणा सामावून घेते, आणि दाब एका बिंदूवर न पडता पसरतो. जागा चुकली तर काय होते, ते नोव्हेंबर २०१७ मध्ये जपानमधील योकोसुका येथे दिसले. टक्करीत जायबंदी झालेली 'फिट्झगेराल्ड' ही युद्धनौका 'ट्रान्सशेल्फ' जहाजावर चढवताना खालच्या पोलादी आधारांनी तिच्या तळाला दोन ठिकाणी भोके पडली. तिला पुन्हा धक्क्याला न्यावे लागले.

चढवणे झाले, आता प्रवास. तुम्ही म्हणाल, रुंदीने एवढा आधार मिळतो तर जहाज जितके रुंद तितके चांगले. नाही! आधार फार असला की जहाज कलल्यावर झटक्याने सरळ होते, तळाशी वजन असलेल्या बाहुलीसारखे. खाली उभ्या असलेल्या माणसाला त्याचे फारसे काही वाटणार नाही. पण पाठीवरचे ओझे उंच असेल तर?

एक रुपयाच्या नोटेची मागची बाजू कधी निरखून पाहिली आहे का? तिच्यावर 'सागर सम्राट'चे चित्र आहे. १९७४ साली मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात 'मुंबई हाय' हे तेलक्षेत्र सापडले ते याच फलाटावरून केलेल्या खोदकामात. अशा फलाटांना उंच पोलादी पाय असतात. कामाच्या जागी पाय समुद्रतळावर रोवून फलाट पाण्यावर उचलून धरतात. प्रवासात मात्र तेच पाय वर आकाशात काढून ठेवतात. लांबच्या मजलेसाठी हे फलाटही अर्धबुडीच्या जहाजावरून नेतात. आता समजा, पायाचे टोक १०० मीटर उंच आहे आणि जहाज दोन्ही बाजूंना १० अंश डोलते आहे. टोक प्रत्येक बाजूला सुमारे साडेसतरा मीटर झुलेल. पूर्ण झोका १० सेकंदांचा असेल तर टोकाशी त्वरण जवळजवळ ७ मीटर प्रति सेकंद वर्ग येते, गुरुत्वीय त्वरणाच्या सात-दशांश! झोका २० सेकंदांचा झाला तर हे त्वरण एक-चतुर्थांश होते. म्हणून कप्तानाला जहाज पुरेसे स्थिर हवे असते, पण ताठर नको असते. टाक्यांत कुठे किती पाणी ठेवायचे हे ठरवून तो झोका लांबवतो. तरीही ओझे डेकला पोलादी अडणींनी वेल्ड करून पक्के जखडतात, आणि पाय फारच उंच असतील तर त्यांचे वरचे तुकडे कापून वेगळे नेतात.

सध्याचे सर्वांत मोठे अर्धबुडीचे जहाज म्हणजे २०१२ साली कोरियात बांधून झालेले 'व्हॅनगार्ड'. लांबी २७५ मीटर, डेकची रुंदी ७० मीटर, भारवहनक्षमता सुमारे १,१७,००० टन. याला पुढची आडवी इमारतच नाही. खलाशांची वस्ती उजव्या कडेवर एका अरुंद मनोऱ्यात आहे, म्हणून ओझे पुढेमागे हवे तितके बाहेर काढता येते. पण मग बुडालेल्या अवस्थेतला आधार? तो कडेच्या मनोऱ्यांवर. ओझ्याप्रमाणे त्यांतले काही मनोरे जागा बदलून बसवता येतात. जहाज असे खाली जाते की डेकवर १६ मीटर पाणी चढते.

जुलै २०१९ मध्ये 'व्हॅनगार्ड' बहामा बेटांतील फ्रीपोर्ट येथे होते. 'कार्निव्हल व्हिस्टा' या प्रवासी जहाजाच्या पंख्यांच्या यंत्रणेत बिघाड झाला होता आणि त्याला कोरडे करून दुरुस्त करायचे होते. त्याची लांबी ३२३ मीटर, म्हणजे उचलणाऱ्यापेक्षा ४८ मीटर जास्त. 'व्हॅनगार्ड' खाली गेले, प्रवासी जहाज वर आले, पाणी बाहेर टाकले, आणि 'व्हिस्टा'ची दोन्ही टोके हवेत लोंबत असताना दुरुस्तीचे कामगार त्याच्या तळाखाली डेकवर चालत गेले. काम आटोपल्यावर 'व्हॅनगार्ड' पुन्हा बुडाले, आणि 'व्हिस्टा' त्याच्या पाठीवरून तरंगत निघून गेले.